खुनाचें काय मोगाचें?

वाचकहो, गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार सारखी दिसते. "बाई, तुम्ही या सदरात नेहमी जड पुस्तकं घेता. कारंत झाले, भैरप्पा झाले, संतसाहित्य तर दर आषाढात असतंच. पण रात्री जेवणं उरकल्यावर, भांडी पालथी घातल्यावर आम्ही जे वाचतो, त्यावर कधी लिहिणार?" तक्रार रास्त आहे. शिवाय या सुट्टीत मी दुसरं काही वाचलेलंच नाही, त्यामुळे यावेळी जड पुस्तकावर लिहायचं म्हटलं तरी जमणार नाही.

त्याचं असं झालं. पावसाआधी नळे परतायचे म्हणून आमच्या पार्श्याच्या घराचा माळा रिकामा केला, तेव्हा मामंजींची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, चंद्रकांत काकोडकर अशी सगळी मंडळी दाटीवाटीनं बसलेली. काहींची कव्हरं गेलेली, काहींना वाळवीनं प्रसाद घेतलेला. त्याच आठवड्यात बेळगावहून आईनं आंब्याच्या पेटीतून तिच्या जुन्या कन्नड कादंबऱ्या पाठवल्या. आईचं माहेर धारवाडचं, त्यामुळे आमच्या घरात रडायचं कन्नडमध्ये आणि भांडायचं मराठीत असा रिवाज होता. आता पार्श्याला येऊन त्यात कोकणीची भर पडली. तर एकीकडे मराठी खून, दुसरीकडे कन्नड प्रेम, अशी माझी सुट्टी गेली. मी ओटीवर पुस्तक घेऊन बसले की सासूबाई विचारत, "किदें वाचता गो बाये? खुनाचें काय मोगाचें?" मोग म्हणजे प्रेम, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. पोर्तुगीज अमदानीत गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईनं सगळ्या लोकप्रिय साहित्याची दोन शब्दांत विभागणी करून टाकली. आम्ही एम.ए.ला वर्षभर साहित्यप्रकार शिकलो ते उगाच.

आधी खुनाचं बोलू.

रहस्यकथा चांगली की वाईट हे ठरवायचं माझं माप सोपं आहे. शेवटच्या पानावर गुन्हेगार कळल्यावर मागे जाऊन बघायचं, की हे मला आधी ओळखता आलं असतं का? आलं असतं आणि तरी आलं नाही, तर लेखक जिंकला. येणं शक्यच नव्हतं, तर त्यानं मला फसवलं. हे काही माझं एकटीचं माप नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्रीबाबांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा आज्ञाच लिहून ठेवल्या होत्या. स्वतः रहस्यकथा लिहिणारे पाद्री. गुप्तहेरानं सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, जुळी भावंडं आयत्या वेळी आणायची नाहीत, आणि गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, अशा त्या आज्ञा.

आता या मापानं अर्नाळकर मोजले तर बिचारे पहिल्या प्रकरणातच नापास होतात. भुयारं हवी तेवढी. झुंजार वेषांतर करतो तेव्हा सख्खी माणसं त्याला ओळखत नाहीत. धागे म्हणाल तर ते लेखकाच्या खिशात, आणि शेवटी एकदम बाहेर. तरी मी ट्रंकेतली अर्नाळकरांची पाच पुस्तकं चार दिवसांत वाचली, त्यातलं एक तर सकाळी दूध उतू जाईपर्यंत. का? एक म्हणजे वेग. दुसरं म्हणजे भाषा. वाक्य स्वच्छ, छोटं, कुठंही अडत नाही. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला अडायला वेळ नसणार हे खरं, पण लिहिताना घाई असली तरी वाचताना ती त्रास देत नाही, हे साधं कसब नाही. आणि तिसरं, झुंजारची बायको विजया. त्या काळातल्या कितीतरी 'दर्जेदार' कादंबऱ्यांमधल्या नायिका खिडकीशी उभ्या राहून सुस्कारे टाकत असताना ही बाई नवऱ्याच्या बरोबरीनं धाडसात उतरते. अर्नाळकर १९९६ साली गेले. अलीकडे त्यांच्या निवडक कथा पुन्हा छापून आल्या आहेत. मुलांना मराठी वाचायची सवय लावायची असेल तर मी बालसाहित्याच्या आधी त्या हातात देईन.

गुरुनाथ नाईक मूळचे आपल्या गोव्याचे. बाराशेच्या वर रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. २०२१ साली ते वारले तेव्हा आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तरुण सहकाऱ्यांना नावही माहीत नव्हतं, आणि आमचा शिपाई मात्र कॅप्टन दीप, गोलंदाज, शिलेदार अशी नायकांची यादी घडाघडा म्हणून दाखवत होता. मामंजींच्या ट्रंकेत सगळ्यात जास्त पुस्तकं त्यांचीच. स्पष्ट सांगते, सलग वाचू नयेत. तिसऱ्या पुस्तकापासून पुढचं पान आधीच दिसायला लागतं, आणि बायकांचं वर्णन आलं की लेखणी एकाच चाकोरीत घसरते. पण माणूस प्रसंग उभा करण्यात पटाईत. रात्रीचा रस्ता, मागून येणारी गाडी, थांबलेला पाऊस, एवढ्यावर ते दहा पानं ओढतात आणि आपण ओढले जातो. महिन्याला अनेक पुस्तकं हातावेगळी करणाऱ्या लेखकाकडून बांधीव कथानक मागणं म्हणजे जत्रेतल्या खाज्यावाल्याकडे पुरणपोळी मागण्यासारखं आहे.

मामंजी पुस्तक वाचून झालं की पहिल्या पानावर पेन्सिलीनं तारीख टाकत. ते ठीक. पण त्यांच्या आधी कुणीतरी वाचलेल्या दोन पुस्तकांत बाराव्या पानावरच एका पात्राच्या नावाखाली रेघ मारून 'हाच खुनी' असं लिहिलेलं आहे. अशा माणसाला कुठल्या कलमाखाली धरावं?

कन्नडमध्येही हेच कारखाने होते. एन. नरसिंहय्यांनी पाचशेच्या वर पुस्तकं लिहिली, आणि त्यांचा 'पत्तेदार पुरुषोत्तम' धारवाडच्या माझ्या मामांना तोंडपाठ होता. गुप्तहेराला कन्नडमध्ये पत्तेदार म्हणतात. पत्ता लावतो तो पत्तेदार! हा शब्द मराठीनं उसना घ्यायला हरकत नाही.

पण मापात बसणारं पुस्तक म्हणाल, तर या सुट्टीत ते मला आईच्या आंब्याच्या पेटीत सापडलं. पूर्णचंद्र तेजस्वींचं 'जुगारी क्रॉस'. वेलदोडे पिकवणारं एक तरुण जोडपं, सुरेश आणि गौरी. मलनाडातलं जंगल, घाटरस्ता, रेल्वे, एक जुनी पोथी आणि माणकांचं गुपित. दिवस-रात्रीच्या आत सगळं घडतं. पुढचं सांगत नाही. पण चोर्ला घाटातून बेळगावला जाताना रात्री एखाद्या वळणावर बंद टपरीसमोर ट्रक उभा दिसतो आणि उगाच छातीत धस्स होतं ना, ते धस्स अख्ख्या पुस्तकभर आहे. आणि ते भूताखेताचं नाही. जंगल कोण विकतंय, कोण विकत घेतंय, हे हळूहळू कळत जातं त्याचं आहे. शिवाय यातले नवरा-बायको एकमेकांवर वैतागतात, टोमणे मारतात आणि जिवावर बेतलं की एकमेकांचा हात धरतात. लग्न झालेल्या माणसांचं प्रेम रहस्यकथेत इतकं खरं मी क्वचित वाचलं. ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांनी हे पुस्तक न वाचण्याला माझ्याकडे सबब नाही. ज्यांना बोलता येतं पण वाचता येत नाही (आपल्याकडच्या निम्म्या घरांत हेच आहे), त्यांनी आजीला वाचून दाखवायला सांगावं.

सुहास शिरवळकरांचं 'समांतर' बहुतेकांना २०२०च्या वेब मालिकेमुळे माहीत झालं. आपलं आयुष्य आधीच कुणीतरी जगून बसलंय, ही कल्पना अशी आहे की लेखकानं ती सुचल्यावर दोन दिवस जेवण सोडलं असेल. पण कल्पना जेवढी मोठी, तेवढी तिची उकल अवघड. मला पूर्वार्ध फार आवडला, उत्तरार्धात कल्पनेचं ओझं पात्रांना पेलवत नाही असं वाटलं. नारायण धारपांबद्दल एवढंच म्हणेन की 'लुचाई' आजही अंगावर येते, पण स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' वाचलेल्या माणसाला तिच्यातल्या वाटा ओळखीच्या वाटतात.

बाहेरच्या दोघांना या यादीत घ्यायलाच हवं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 'रॉजर अ‍ॅक्रॉइड'वाली कादंबरी १९२६ साली आली तेव्हा तिकडच्या वाचकांनी फसवणूक झाली म्हणून ओरड केली होती. मी यावेळी ती दुसऱ्यांदा वाचली, उत्तर माहीत असताना. आणि बघते तर काय, सगळे धागे उघड्यावर टाकलेले! फसवणूक कुठंच नाही, आपणच वाक्यावरून पाय घसरून पुढे गेलेलो. दुसरा आपला ब्योमकेश बक्षी. आमच्या पिढीनं तो १९९३ साली दूरदर्शनवर पाहिला, शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या मूळ कथा पुष्कळांनी वाचल्याच नाहीत. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. आणि एका खुनाचा तपास करता करता त्याच घरातल्या सत्यवतीच्या प्रेमात पडतो. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे खुनाचेंय आनी मोगाचेंय. बरें मरे!"

खून आणि मोग एकाच भांड्यात शिजवलेली माझ्या माहितीतली सर्वांत मुरलेली कादंबरी म्हणजे डॅफ्ने द्यू मोरिएची 'रिबेका', १९३८ सालची. मोठ्या घरात दुसरेपणावर आलेली तरुण बायको, आणि घरभर पहिलीचा वावर. गोष्ट सांगणाऱ्या या दुसऱ्या बायकोचं नावसुद्धा लेखिका आपल्याला सांगत नाही. मी गोष्ट कोकणीत सांगत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "पयल्या बायलेचें भूत?" म्हटलं, भूत नाही, आठवण. त्या म्हणाल्या, "मागीर तें भुतापरस वायट." यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही. माझी तक्रार एवढीच, की नवऱ्याची एक भलीमोठी चूक ही पोरगी ज्या आनंदानं पदरात घेते, तो आनंद मला पटला नाही. 'त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं' एवढं कळल्यावर बाकी सगळं माफ? शेवट सांगायचा नाही म्हणून इथंच थांबते.

इथून मोगाच्या पुस्तकांकडे यायला वाट सोपी झाली. कारण रहस्यकथेला जसं माझं एक माप आहे, तसंच प्रेमकथेलाही आहे. या नायिकेला 'नाही' म्हणता आलं असतं का? तिला ती मोकळीक असेल, तर तिच्या 'हो'ला अर्थ. नसेल तर पुढचं सगळं चांदणं फुकट.

ना. सी. फडके हे या बाबतीत चकवणारे लेखक. आईवडिलांच्या पिढीनं त्यांच्यावर जीव टाकला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक, त्यामुळे आपल्या भागात त्यांचा दरारा जास्तच. १९३१च्या 'प्रतिभासाधन'मध्ये त्यांनी कादंबरी कशी रचावी याचं शास्त्र लिहिलं, आणि स्वतःच्या कादंबऱ्या त्या शास्त्रानं बेतल्या. त्यांची वाक्यं अजूनही इस्त्री केल्यासारखी कडक आणि गुळगुळीत. त्यांच्या मुली शिकलेल्या, टेनिस खेळणाऱ्या, बोलण्यात हजरजबाबी. पण या सुट्टीत दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्यावर जाणवलं, की प्रेमाच्या आड येतो तो नुसता गैरसमज. नायक-नायिका दहा मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर दोनशे पानं वाचली असती. खऱ्या आयुष्यात आड येतात ती माणसं, पैसा, जात, घर. गैरसमज मिटला की सनई वाजते, आणि मुलीला निवड करायची पाळीच येत नाही. ती फक्त उलगडली जाते.

काकोडकरांबद्दल मात्र जरा बसून बोलायला हवं. आडनावावरूनच काकोडा गावाशी नाळ सांगणारे हे लेखक. आमच्या ट्रंकेत त्यांची पुस्तकं तळाशी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी बाहेर काढली तर नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, ही पुस्तकं आम्हांला हात लावायची बंदी होती." बंदीचं मूळ सगळ्यांना ऐकून माहीत असतं, तपशील कुणालाच नसतो. तो असा. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. निशिकांत नावाचा एक कवी आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन स्त्रिया. ती अश्लील आहे म्हणून लेखक आणि प्रकाशकावर खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडलं. मुंबई उच्च न्यायालयानं दोषी धरलं आणि प्रत्येकी २५ रुपये दंड केला, शिवाय त्यांच्याकडे असलेले अंक नष्ट करायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९६९ साली न्या. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालपत्रानं काकोडकर निर्दोष ठरले. निकालाचा आशय असा, की नुसता कामविषयाचा उल्लेख आला म्हणून लेखन अश्लील ठरवलं तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही. पंचवीस रुपयांच्या दंडासाठी माणूस दिल्लीपर्यंत लढला. आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला शिकवतात, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना लेखकाचं नाव माहीत नसतं.

आणखी गंमत पाहा. त्याच १९६९ साली त्यांच्या 'नीलांबरी'वरून राज खोसलांचा 'दो रास्ते' आला. राजेश खन्ना, मुमताज, आणि सहकुटुंब सहपरिवार बघायचा सिनेमा! एकाच वर्षी एकाच लेखकाची एक गोष्ट न्यायाधीशांनी तपासली आणि दुसरी अख्ख्या देशानं आईबापांसोबत बसून पाहिली.

मग मी स्वतः वाचल्यावर काय वाटलं? खरं सांगायचं तर बंदीनं या पुस्तकांना फार मोठं करून ठेवलंय. आजच्या मानानं त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माझी अडचण वेगळीच आहे. त्यांची 'अशी तुझी प्रीत' ज्या सिनेमामुळे घराघरांत गेली, तो १९७८चा 'मैं तुलसी तेरे आंगन की' आठवा. त्यातली तुळशी दुसरीचा संसार लागावा म्हणून स्वतःचा जीव देते. आमच्या आयांनी त्यावर पदर भिजवले. अहो, पण घरच्यांनी बंदी घालायचीच होती तर ती 'श्यामा'वर का, असल्या त्यागावर का नाही? शरीराचं वर्णन मुलींच्या हाती लागू नये म्हणून पुस्तकं गुंडाळून ठेवली, आणि 'बाईनं मरून दाखवावं' हे मात्र तिकीट काढून दाखवलं.

आईनं पाठवलेल्या पेटीत याचा उतारा होता. त्रिवेणींची 'बेळ्ळी मोड', म्हणजे रुपेरी ढग. त्रिवेणी १९२८ साली जन्मल्या आणि १९६३ साली गेल्यासुद्धा. उणंपुरं पस्तीस वर्षांचं आयुष्य, मानसशास्त्राच्या पदवीधर, आणि कन्नडमधल्या प्रेमकथेला त्यांनी जे वळण लावलं त्याला तोड नाही. मी दहा-बारा वर्षांची असताना आई ही कादंबरी दुपारी वाचायची आणि आम्हां बहिणींना मराठीत सांगायची. कॉफीच्या मळ्यातली इंदिरा. तिच्या वडिलांच्या पैशावर मोहन अमेरिकेला शिकायला जातो, परत आल्यावर लग्न ठरलेलं. मध्यंतरी इंदिराला भाऊ होतो, म्हणजे मळा आता तिचा राहत नाही, आणि परत आलेला मोहन लग्नाला नकार देतो. पुढे तोच अपघातानं अंथरुणाला खिळतो, इंदिरा त्याची सेवा करते, आता त्याचं मन बदलतं आणि तो मागणी घालतो. इंदिरा नाही म्हणते. एवढंच. आरडाओरडा नाही, विष नाही, विहीर नाही. पुट्टण्णा कणगालांनी १९६७ साली यावर सिनेमा काढला, त्यातली कल्पना अनेकांना आठवत असेल.

यालाच जोडून मी यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सुधा मूर्तींची 'महाश्वेता' घेतली. मूळ कन्नड, मराठीतही आली आहे. (सुमती क्षेत्रमाड्यांची याच नावाची मराठी कादंबरी आहे, ती वेगळी.) अनुपमाच्या पायावर निखारा पडून भाजतं आणि पुढं पांढरा डाग दिसायला लागतो. डॉक्टर नवरा परदेशी, सासू तिला माहेरी पाठवते, माहेरी सावत्र आई. ती मुंबईला जाते, पायावर उभी राहते, संस्कृतची प्राध्यापिका होते. पुढं नवऱ्याला पश्चात्ताप होतो, तो न्यायला येतो, आणि ती जात नाही. लेखन म्हणून मला हे पुस्तक बेताचं वाटतं. चांगली माणसं फार चांगली, वाईट माणसं फार वाईट, आणि संवाद कधीकधी भाषणासारखे. पण वर्गात त्यानं जे केलं ते पाठ्यपुस्तकातल्या एकाही कादंबरीनं केलेलं नाही.

मुलांचं म्हणणं पडलं, नवरा एवढी माफी मागतो तर तिनं जायला हवं होतं. मुलींपैकी निम्म्या तेच म्हणाल्या. मग मागच्या बाकावरची, एरवी हजेरीलाही जेमतेम ओ देणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, तिच्याकडे नोकरी होती म्हणून ती नाही म्हणू शकली."

वर्ग गप्प झाला. मी तिला इंदिराची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघ, हिला नोकरी नाही, मळाही हातचा गेला, तरी ती नाही म्हणाली ना? मुलीनं दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, "पण तिला राहायला बापाचं घर होतं."

पुढं तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, आणि तास संपल्याची घंटा झाली. नंतर स्टाफरूममध्ये कळलं, की तिचं लग्न ठरलंय आणि परीक्षेला बसू देणार की नाही हे सासरकडून यायचंय. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक परत द्यायला आली नाही, उलट 'बेळ्ळी मोड' मागायला आली. म्हटलं, तुला कन्नड येतं? तर म्हणाली, "मला बोलता येतं. आईला वाचता येतं. ती हुबळीची. ती वाचून दाखवेल." आईनं मुलीला वाचून दाखवायला याहून योग्य पुस्तक मला शोधूनही सापडलं नसतं. मी दिलं. अजून परत आलेलं नाही, आणि मी मागायलाही गेलेले नाही. परीक्षेचा अर्ज मात्र तिनं भरलाय, तेवढं मी ऑफिसात जाऊन बघून आले.

जाता जाता एक गोष्ट लिहायची राहून गेली. या सुट्टीत मी मोगाची अकरा पुस्तकं वाचली, सहा मराठी, पाच कन्नड. त्यांत श्रीमंत-गरीब जोडपी आहेत, शहर-खेडं आहे, जातीची भिंत आहे. पण मराठी मुलगा आणि कन्नड मुलगी, किंवा उलट, असं एकही नाही. आणि इथं आपल्या गल्लीत बघावं तर दर तिसऱ्या घरात सून एका भाषेची आणि सासू दुसऱ्या. लग्नाच्या याद्या दोन लिप्यांत, मुलं आईशी एक बोलतात आणि आज्जीशी दुसरं, आणि पहिल्या भांडणात कुठल्या भाषेत गप्प बसायचं हे ठरवायलाच वर्ष जातं. एवढा ऐवज समोर पडलेला असताना कादंबरीकार त्यावरून गाडी न थांबवता कसे जातात, हे माझ्या लेखी नॉक्सबाबांनाही न सुटणारं कोडं आहे. सीमेवरची माणसं म्हटली की मोर्चे आणि ठराव एवढंच लेखकांना दिसतं की काय कोण जाणे.

असं एखादं पुस्तक तुमच्या वाचनात आलं असेल, मराठी असो वा कन्नड, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. नाव, लेखक आणि कुठं मिळेल एवढं पुरे. आणि हो, त्यात खून असेल तर बाराव्या पानावर काही लिहून पाठवू नका. सासूबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय, पुढच्या सुट्टीत त्यांना दोन्ही हवंय.